पोस्टग्रेसमध्ये काउंट फार हळू चालतोय, काय करावं?

दूधगंगा

नमस्कार मंडळी,

एका दूध संघाच्या संकलन प्रणालीचं काम माझ्याकडे आहे. ३००च्या आसपास संकलन केंद्रं, साधारण ३०,००० सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. म्हणजे रोजच्या ६०,००० नोंदी. तीन वर्षांचा डेटा 'संकलन' नावाच्या एकाच टेबलात आहे. आज त्यात साडेसहा कोटी ओळी आहेत, आकार ९ जीबी. डेटाबेस पोस्टग्रेस १२, सर्व्हरला १६ जीबी रॅम, चार कोअर.

नोंदीत केंद्र_क्र, सभासद_क्र, नोंद_वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि स्थिती असे कॉलम आहेत. नोंद आली की स्थिती 'प्रलंबित'. दर दहा दिवसांनी बिल निघालं की ती 'बिल झाले' होते.

पहिल्याच पानावर चार आकडे दाखवायचे आहेत: एकूण नोंदी, आजच्या नोंदी, प्रलंबित नोंदी, आणि चालू बिलात किती सभासदांनी दूध घातलं. चारही साध्या काउंट (ओळी मोजणाऱ्या) क्वेरी आहेत, पण पान उघडायला पाऊण मिनिट लागतं. सकाळी सगळ्या केंद्रांचे सचिव एकदम लॉगिन करतात तेव्हा तर नोंदी आत जायलाही वेळ लागतो, आणि काट्यापाशी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहतात. रॅम वाढवायला संघाची तयारी आहे. पण त्यानं मूळ दुखणं जाईल का, याची मला खात्री नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कातळशिल्प

काउंट(*) वापरताय का? त्याऐवजी काउंट(१) किंवा काउंट(आयडी) करून बघा. स्टार दिला की सगळे कॉलम वाचले जातात असं आम्हाला क्लासमध्ये शिकवलं होतं.

माळरान

@कातळशिल्प, हा समज फार पसरलेला आहे म्हणून सविस्तर लिहितो. काउंटमधल्या स्टारचा सिलेक्टमधल्या स्टारशी काही संबंध नाही. काउंट(*) म्हणजे 'ओळी मोज', कुठलाही कॉलम उघडायची गरज नाही. काउंट(१) त्याच अर्थाचा. काउंट(आयडी) मात्र 'ज्या ओळीत आयडी नल (रिकामा) नाही त्या मोज' असं सांगतो, म्हणजे प्रत्येक ओळीत एक तपासणी जास्तच. नल नसलेल्याच मोजायच्या असतील तर ते बरोबर. फक्त ओळी मोजायच्या तर काउंट(*) लिहावं आणि निर्धास्त राहावं.

@दूधगंगा, खरं कारण दुसरीकडे आहे. अनेकांना वाटतं की टेबलात किती ओळी आहेत हे डेटाबेसला पाठ असणार. पोस्टग्रेसला ते पाठ नसतं, आणि असूही शकत नाही. समजा, या क्षणी एका केंद्राचं ट्रान्झॅक्शन ८० नोंदी घालतंय आणि अजून कमिट (पक्कं) झालेलं नाही. त्याच्या दृष्टीनं टेबलात त्या ८० ओळी आहेत, तुमच्या दृष्टीनं नाहीत. तिसरं कोणी अर्ध्या तासापूर्वी सुरू केलेल्या रिपोर्टमध्ये असेल, तर त्याला अर्ध्या तासापूर्वीचं चित्र दिसत असतं. तिघांचीही उत्तरं वेगळी आणि तिन्ही बरोबर. म्हणून प्रत्येक काउंटला एकेक ओळ बघून 'ही मला दिसायला हवी का' हे ठरवावं लागतं. एकाच ओळीच्या अनेक आवृत्त्या सांभाळण्याच्या या पद्धतीमुळेच वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. ती सोय हवी तर मोजणीचा हा खर्च सोसावा लागतो.

९ जीबी म्हणजे ८ केबीची जवळजवळ १२ लाख पेजेस. इतकी पेजेस प्रत्येक सचिवासाठी वाचली जात असतील तर सर्व्हरचा दोष नाही.

चारही क्वेरींचा एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) द्या, ॲनालाइझ आणि बफर्स हे पर्याय लावून. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

तिसरी_घंटा

मी मायएस्क्यूएलवाली आहे, त्यामुळे थोडी भर घालते. आमच्याकडेही जुन्या मायआयसॅम इंजिनमध्ये ओळींचा आकडा तयार ठेवलेला असायचा आणि व्हेअर (अट) नसलेला काउंट(*) क्षणात यायचा. इनोडीबीवर आल्यावर ती चैन संपली, कारण माळरान यांनी सांगितलं तेच. इनोडीबी काउंटसाठी शक्यतो सगळ्यात लहान सेकंडरी इंडेक्स (एखाद्या कॉलमची क्रमवार सूची) धरतो, कारण प्रायमरी की म्हणजे तिथे सबंध टेबलच असतं. म्हणून एखादा अगदी अरुंद कॉलमचा इंडेक्स असला तरी फरक पडतो.

इन्फर्मेशन स्कीमामधला टेबल_रोज हा आकडा मात्र कोणी अहवालात छापू नका. इनोडीबीसाठी तो निव्वळ अंदाज आहे आणि ४० ते ५० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, असं त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलेलं आहे.

दूधगंगा

माळरान, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. एक्सप्लेन काढले. सारांश देतो:

एकूण नोंदी: पॅरलल सीक्वेन्शियल स्कॅन (सबंध टेबल वाचणं), दोन वर्कर, २६ सेकंद.

आजच्या नोंदी: अट अशी आहे, नोंद_वेळ::डेट = करंट_डेट. नोंद_वेळवर इंडेक्स असूनही सीक्वेन्शियल स्कॅनच. १२ सेकंद.

प्रलंबित: इंडेक्स ओन्ली स्कॅन, इंडेक्स स्थितीवर. ओळी ५,८२,११४. हीप फेचेस ७,४०,९६३. ५ सेकंद.

बिलातले सभासद: काउंट(डिस्टिंक्ट सभासद_क्र), म्हणजे वेगळे सभासद तेवढेच, ४ सेकंद. त्यात 'सॉर्ट मेथड: एक्स्टर्नल मर्ज डिस्क' असं लिहून येतंय.

तिसऱ्यात इंडेक्स ओन्ली स्कॅन आहे म्हणजे टेबल वाचलंच जात नसेल ना? मग ५ सेकंद का?

आणखी एक विचित्र गोष्ट. आजच्या नोंदींचा आकडा काही केंद्रांच्या वहीशी जुळत नाही, नेहमी थोडा कमीच येतो. ही केंद्रं सगळी पहाटे लवकर सुरू होणारी आहेत.

माळरान

प्रश्नाचं उत्तर तुमच्याच एक्सप्लेनमध्ये आहे: हीप फेचेस ७,४०,९६३.

इंडेक्स ओन्ली स्कॅन पोस्टग्रेस ९.२मध्ये, २०१२ साली आला. पण इंडेक्समध्ये फक्त किंमत असते, ती ओळ तुम्हाला दिसायला हवी की नको हे नसतं. त्यासाठी टेबलाशेजारी 'व्हिजिबिलिटी मॅप' नावाची छोटी फाइल असते. 'या पेजवरच्या सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात' असा एक बिट प्रत्येक पेजमागे तिच्यात असतो. बिट लागलेला असेल तर पोस्टग्रेस टेबलाकडे वळतच नाही. नसेल तर ओळ न् ओळ तपासायला टेबलात जावं लागतं, आणि त्याचीच मोजदाद म्हणजे हीप फेचेस. तुमच्याकडे फेचेस ओळींपेक्षाही जास्त आहेत. म्हणजे मेलेल्या (ओळ बदलल्यावर मागे उरलेल्या जुन्या) आवृत्त्यांपर्यंतही फेऱ्या झाल्या आहेत.

हे बिट लावण्याचं काम व्हॅक्यूम, म्हणजे मेलेल्या आवृत्त्यांची सफाई, करतं. पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये संकलन टेबलाचे लास्ट_ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चाललेला शेवटचा व्हॅक्यूम) आणि एन_डेड_टप (मेलेल्या आवृत्त्यांचा आकडा) बघा.

दूधगंगा

लास्ट_ऑटोव्हॅक्यूम पाच महिन्यांपूर्वीचा आहे! एन_डेड_टप ९० लाखांच्या वर. ऑटोव्हॅक्यूम चालू आहे, कोणी बंद केलेला नाही, सेटिंग तपासलं.

माळरान

तो चालू आहे आणि नियमाप्रमाणे वागतोय. नियमच तुमच्या टेबलाला लागू पडत नाही.

ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर मुळात ०.२ असतो. टेबलातल्या २० टक्के ओळी मेल्या की व्हॅक्यूमची पाळी येते. साडेसहा कोटींचे २० टक्के म्हणजे १ कोटी ३० लाख. तुमच्याकडे ओळी मरतात कधी? बिल निघताना स्थिती बदलते तेव्हा. दहा दिवसांच्या ६ लाख नोंदी, म्हणजे एका बिलामागे ६ लाख मृत आवृत्त्या. १ कोटी ३० लाख भरायला २१-२२ बिलं लागतील, सुमारे सात महिने. त्यातले पाच झालेत. आणि टेबल जसं वाढेल तसा हा काळही वाढत जाईल.

१३व्या आवृत्तीपासून नुसत्या इन्सर्टवरही ऑटोव्हॅक्यूम सुरू होतो, त्याआधी फक्त अपडेट-डिलीटवर व्हायचा. पण तिथेही मूळ प्रमाण २० टक्केच आहे, आणि रोजच्या ६०,००० इन्सर्टच्या हिशेबानं तेही सात महिन्यांवरच येतं. त्यामुळे आवृत्ती बदलली की हे आपोआप सुटेल असं समजू नका. बदलायची मात्र आहेच: १२ची मुदत नोव्हेंबर २०२४मध्ये संपली, आता तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत.

उपाय छोटा आहे. फक्त या टेबलासाठी ऑल्टर टेबल करून स्केल फॅक्टर ०.०१ करा. साडेसहा लाखांवर व्हॅक्यूम येईल, म्हणजे दर एक-दोन बिलांनंतर. शिवाय बिलाचं काम संपलं की त्याच रात्री हातानं व्हॅक्यूम ॲनालाइझ चालवा. पहिला व्हॅक्यूम लांबेल, तो दुपारी किंवा रात्री उशिरा लावा. साधा व्हॅक्यूम लावायचा, व्हॅक्यूम फुल नाही. फुल सबंध टेबलला लॉक लावतो आणि संकलन थांबेल.

आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीही बघून घ्या. एखादं कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडून नुसतं बसलेलं) अवस्थेत तासन् तास पडलेलं असेल, तर ते सुरू झाल्यानंतर मेलेल्या आवृत्त्या व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत. व्हॅक्यूम चालतो, संपतो आणि बिट मात्र लागत नाहीत. यात दिवसच्या दिवस गेलेले लोक मी पाहिले आहेत.

जुनी_पेठ

आजच्या नोंदींबद्दल मी लिहितो. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही त्याच एका अटीत आहेत.

पहिला वेगाचा. नोंद_वेळ::डेट असे लिहिले की तुलना कॉलमशी होत नाही, कॉलमवर केलेल्या क्रियेच्या निकालाशी होते. इंडेक्स मूळ किमतींवर आहे, त्यामुळे तो उपयोगी पडत नाही. ओरॅकलवर माझी बरीच वर्षे गेली, तिथेही ट्रंक(तारीख) लिहून इंडेक्स वाया घालवलेले पुष्कळ पाहिले. अट नेहमी अर्धखुल्या कालखंडाची लिहावी: नोंद_वेळ आजच्या सुरुवातीपेक्षा मोठी किंवा बरोबर, आणि उद्याच्या सुरुवातीपेक्षा लहान. बिट्वीन वापरू नये, तो दोन्ही टोके धरतो.

दुसरा प्रश्न अचूकतेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. तुमच्या कनेक्शनचा टाइमझोन कोणता आहे? शो टाइमझोन चालवून पाहा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. ५:१०ला दूध घातलेल्या सभासदाची नोंद आदल्या दिवशी मोजली जाते.

दूधगंगा

जुनी_पेठ काका, यूटीसीच निघाला! पहाटे पाचला सुरू होणाऱ्या केंद्रांचाच आकडा कमी यायचा, तो यामुळे. पाच ते साडेपाचमधल्या सगळ्या नोंदी कालच्या खात्यात जात होत्या. बिलावर परिणाम झालाय का तेही लगेच तपासलं. बिलाच्या क्वेरीत कालखंड ॲप्लिकेशनकडून भारतीय वेळेनुसार येतो, त्यामुळे पैसे बरोबर गेले आहेत. जीव भांड्यात पडला.

आता अट अशी केली: नोंद_वेळ >= डेट_ट्रंक('डे', नाऊ() ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता') ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता', आणि वरच्या टोकाला तेच अधिक एक दिवस. १२ सेकंदांवरून ४० मिलिसेकंदांवर आलं, आणि आकडा वहीशी जुळला.

जुनी_पेठ

छान. ॲट टाइम झोन दोनदा येते ते योग्यच आहे, पुढच्या माणसाला ती चूक वाटून एक काढून टाकू नये. पहिल्याने वेळ भारतीय घड्याळात येते, मग दिवसाची सुरुवात काढली जाते, आणि दुसऱ्याने ती पुन्हा नेमक्या क्षणात बदलते. क्वेरीशेजारी तशी टीप लिहून ठेवा.

खरडवही

एकूण आकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? 'मोजणी' नावाचं एक टेबल करा, त्यात एकच ओळ. संकलनवर ट्रिगर लावा, इन्सर्ट झाला की अधिक एक, डिलीट झाला की वजा एक. वाचताना एकच ओळ वाचायची. आम्ही एका ठिकाणी असंच केलंय, मस्त चालतं.

माळरान

@खरडवही, लिहिणारे थोडे असतील तिथे चालतं. इथे सकाळी ३०० केंद्रं एकाच वेळी लिहितात. प्रत्येक इन्सर्टला ती एकच ओळ अपडेट करायची आहे, आणि ती अपडेट करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा लॉक कमिट होईपर्यंत सुटत नाही. म्हणजे एका केंद्रानं ८० नोंदींचं ट्रान्झॅक्शन उघडलं की बाकीची २९९ त्याच्यामागे थांबणार. आज वाचणं हळू आहे, मग लिहिणं हळू होईल, आणि लिहिणं अडलं तर काट्यापाशी रांग आणखी वाढेल. शिवाय त्या एका ओळीच्या दिवसाला ६०,००० मृत आवृत्त्या तयार होतील.

ट्रिगरच हवा असेल तर दोन सुधारणा करा. पोस्टग्रेस १०पासून स्टेटमेंट पातळीच्या ट्रिगरला नव्या ओळींचा सबंध संच मिळतो. त्यामुळे ८० नोंदी एकाच इन्सर्टमध्ये आल्या तर ट्रिगर एकदाच चालतो. आणि त्यानं जुनी ओळ अपडेट करू नये, 'फरक' टेबलात नवी ओळ घालावी: केंद्र अमुक, अधिक ८०. दोन इन्सर्ट एकमेकांना अडवत नाहीत. वाचताना शेवटची बेरीज अधिक उरलेले फरक असं उत्तर काढायचं. दर काही मिनिटांनी एक काम ते फरक गोळा करून मुख्य आकड्यात मिसळतं.

खरडवही

फरक मिसळताना मधेच कोणी नवा फरक घातला तर तो हरवणार नाही का? किंवा दोनदा मोजला गेला तर?

माळरान

दोन वेगळ्या स्टेटमेंटमध्ये 'बेरीज कर' आणि 'पुसून टाक' असं केलं तर हरवू शकतो. म्हणून एकाच स्टेटमेंटमध्ये करायचं: विथ काढलेले ॲज (डिलीट फ्रॉम फरक रिटर्निंग केंद्र_क्र, बदल), आणि त्याच काढलेल्या ओळींची केंद्रवार बेरीज इन्सर्ट... ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेटनं मुख्य टेबलात. जे पुसलं तेच मिसळलं, त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. मधे आलेला फरक डिलीटला दिसलेलाच नसतो, तो पुढच्या फेरीला उचलला जातो.

पण @दूधगंगा, हे उभं करण्याआधी संघात एक गोष्ट विचारा. तीन वर्षांतल्या एकूण नोंदी साडेसहा कोटी आहेत की साडेसहा कोटी आणि बारा, यावर कोणी काही निर्णय घेतं का? नसेल तर पीजी_क्लासमधला रेलटपल्स (ओळींचा अंदाजे आकडा) दाखवा. व्हॅक्यूम आणि ॲनालाइझ तो ताजा ठेवतात, वाचायला मिलिसेकंदही लागत नाही. पडद्यावर 'सुमारे ६.५ कोटी' असं लिहा. 'सुमारे' हा शब्द मात्र वगळू नका, नाहीतर कोणीतरी तो आकडा वार्षिक अहवालात नेऊन ठेवेल.

प्रत्येक काउंटला हाच प्रश्न विचारायला हवा. नेमका आकडा लागतो, अंदाज पुरतो, की नुसतं 'आहे की नाही' एवढंच कळायला हवं? प्रलंबित नोंदी शिल्लक असतील तर बटण दाखवायचं म्हणून काउंट काढून तो शून्यापेक्षा मोठा आहे का बघणारा कोड सर्रास दिसतो. तिथे एक्झिस्ट्स लिहा. पहिली ओळ सापडली की तो थांबतो.

तिसरी_घंटा

याला जोडून पानांबद्दल. तुमच्या यादीखाली 'पान १ / १२,०००' असं काही आहे का? त्या १२,०००साठी प्रत्येक क्लिकला पूर्ण काउंट होतो. आमच्याकडे यासाठी एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज वापरायचे, तो मायएस्क्यूएलनं ८.०.१७पासून मोडीत काढायला घेतलाय, आणि योग्यच केलं. पानावर ५० ओळी दाखवायच्या तर ५१ मागा. ५१वी आली तर 'पुढे' बटण दाखवा, नाहीतर नको. आकडा दाखवायचाच असेल तर आतल्या क्वेरीला लिमिट १००१ लावून बाहेर मोजा आणि '१०००पेक्षा जास्त' असं लिहा. सचिव बाराहजाराव्या पानावर कधी जात नाहीत, ते सभासद क्रमांक टाकून शोधतात.

आणि ऑफसेट वापरत असाल तर तोही सोडा. पाचशेव्या पानासाठी डेटाबेस आधीच्या २४,९५० ओळी वाचून फेकून देतो. शेवटच्या ओळीची नोंद_वेळ आणि आयडी लक्षात ठेवून 'याच्या पुढच्या ५० दे' असं मागा.

पाणंद

प्रलंबितचा इंडेक्स सबंध स्थिती कॉलमवर आहे असं दिसतं. साडेसहा कोटींपैकी सहा लाखांहूनही कमी ओळी प्रलंबित, बाकी सगळ्या 'बिल झाले'. त्या कोट्यवधी ओळींचा इंडेक्स कोणी वापरत नाही. त्याऐवजी आंशिक इंडेक्स करा: क्रिएट इंडेक्स कन्करंटली, केंद्र_क्रवर, व्हेअर स्थिती = 'प्रलंबित'. तो एवढासा असेल की सदैव मेमरीतच राहील. केंद्रवार प्रलंबित आकडाही त्यातूनच निघेल. जुना इंडेक्स नंतर काढून टाका, तेवढंच इन्सर्टवरचं ओझं कमी.

सभासदांच्या काउंटमध्ये जॉइन (टेबलांची जोडणी) आहे का? मी एका पतपुरवठ्याच्या प्रणालीत पाहिलेला प्रकार तुमच्याकडे असू शकतो, म्हणून विचारतोय.

दूधगंगा

हो. सभासद, त्याला लेफ्ट जॉइन संकलन, आणि त्याला लेफ्ट जॉइन पशुखाद्य_विक्री. कपातीसाठी किती पोती उचलली तेही त्याच पानावर दाखवतो. आकडे फुगून यायचे म्हणून सगळीकडे डिस्टिंक्ट घातलं होतं.

पाणंद

मग तो तसाच प्रकार. एक सभासद घ्या. दहा दिवसांत दोन्ही वेळा दूध घातलं, संकलनात २० ओळी. पशुखाद्य तीनदा नेलं, ३ ओळी. दोन्ही टेबलं एकाच सभासदाला जोडली की प्रत्येक संकलनाची प्रत्येक विक्रीशी जोडी लागते, २० गुणिले ३, साठ ओळी. संकलनाचा काउंटही ६०, पोत्यांचाही ६०. डिस्टिंक्ट घातल्यावर आकडा बरोबर येतो, पण आधी त्या साठ ओळी तयार करून, मग सॉर्ट करून, मग टाकून दिल्या जातात. ३०,००० सभासदांसाठी हा उद्योग चालला की सॉर्ट डिस्कवर जाणारच. आणि काउंटऐवजी लिटरची बेरीज असती तर डिस्टिंक्टनंही वाचवलं नसतं. दोन दिवस सारखंच ४.५ लिटर घातलेल्या माणसाचं दूध एकदाच धरलं गेलं असतं.

आधी मोजा, मग जोडा. संकलनातून सभासद_क्रनुसार ग्रुप करून एक छोटा निकाल काढा, पशुखाद्यातून दुसरा, आणि दोन्ही सभासद टेबलला जोडा. ज्यानं पशुखाद्य नेलंच नाही त्याला शून्य दाखवायला कोअलेस लावा.

नुसते 'किती वेगळे सभासद' हवे असतील तर काउंट(डिस्टिंक्ट) ऐवजी आत सिलेक्ट डिस्टिंक्ट सभासद_क्र आणि बाहेर काउंट(*) लिहून बघा. पहिल्या पद्धतीत पोस्टग्रेस ६ लाख ओळी सॉर्ट करतो. दुसरीत त्याला हॅश वापरायची मुभा मिळते, आणि ३०,००० क्रमांकांचं हॅश टेबल म्हणजे काहीच नाही.

कातळशिल्प

वेगळे सभासद मोजायला हायपरलॉगलॉग (अंदाजे मोजायचं तंत्र) चालेल का? रेडिस डेटाबेसमध्ये आहे ना, फक्त १२ केबीत कितीही मोठा संच मोजतो.

माळरान

तंत्र सुंदर आहे. फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मांडलं, आणि रेडिसच्या त्या आज्ञांमधलं 'पीएफ' त्यांच्याच नावावरून आलंय. रेडिसमध्ये प्रमाण त्रुटी ०.८१ टक्के. संकेतस्थळाला किती वेगळ्या लोकांनी भेट दिली यासाठी उत्तम. पण इथे तो आकडा बिलाच्या पानावर आहे. ३०,०००च्या ०.८१ टक्के म्हणजे २४० सभासद. संघाच्या सभेत कोणी विचारलं तर 'दोनशे-अडीचशे इकडे तिकडे' हे उत्तर देता येणार नाही. पैशाशेजारी बसणारा आकडा नेमकाच हवा, आणि पाणंद यांच्या पद्धतीनं तो झटपट मिळतोही.

दूधगंगा

सगळं करून बघितलं, सांगतो.

पहिला व्हॅक्यूम रात्री लावला. त्याआधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी बघितलं तर एक जुनं रिपोर्टिंगचं कनेक्शन खरंच 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' होतं. ते बंद केलं, मग व्हॅक्यूम. आंशिक इंडेक्स झाला. प्रलंबितचा आकडा आता १०० मिलिसेकंदांच्या आत येतो, हीप फेचेस ७ लाखांवरून ४१,०००वर आलेत. उरलेले बहुतेक आजचे असावेत. सभासदांचा काउंट ४ सेकंदांवरून पाव सेकंदाच्या आसपास, डिस्कवरचा सॉर्ट गेला. एकूण नोंदी 'सुमारे' लावून रेलटपल्समधून दाखवतोय. अध्यक्षांनाही ते चाललं.

आता एकच राहिलं. संचालकांना केंद्रवार, बिलवार तक्ता हवाय, तीनही वर्षांचा: प्रत्येक बिलात किती नोंदी, किती सभासद. म्हणजे पुन्हा साडेसहा कोटी ओळी. मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा निकाल साठवून ठेवणारा) करावा का?

जुनी_पेठ

मटेरियलाइज्ड व्ह्यू ताजा करताना पोस्टग्रेस सबंध क्वेरी पुन्हा चालवतो, फक्त बदललेला भाग घेत नाही. म्हणजे दर खेपेला तीन वर्षे मोजणार. कन्करंटली केले तर वाचणारे अडणार नाहीत, पण मोजणी तेवढीच.

मला विचारायचे आहे ते असे. बिल निघाल्यावर त्या दहा दिवसांच्या नोंदी बदलतात का? एखाद्या सभासदाची फॅट चुकीची लागली, तर दुरुस्ती कशी करता?

दूधगंगा

जुनी नोंद बदलत नाही. पैसे वाटून झालेले असतात. दुरुस्ती पुढच्या बिलात फरक म्हणून वेगळी नोंद येते.

जुनी_पेठ

मग तुमचे काम झाले. बंद झालेले बिल पुन्हा कधीच मोजायचे नाही. 'बिल_सारांश' टेबल करा: केंद्र_क्र, बिल_क्र, नोंदी, सभासद, लिटर. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्थिती 'बिल झाले' करता, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या बिलाचे आकडे त्यात घाला, म्हणजे एक झाले आणि दुसरे राहिले असे होणार नाही. वर्षाला ३६ बिले, ३०० केंद्रे, म्हणजे १०,८०० ओळी. तीन वर्षांच्या ३२,४००. संचालकांचा तक्ता त्यातून निघेल, आणि चालू दहा दिवसांचे तेवढे थेट संकलनातून मोजून खाली जोडा.

सभासदांच्या स्तंभाची मात्र उभी बेरीज करू देऊ नका. नोंदी आणि लिटर बेरजेने जुळतात. पण तोच सभासद ३६ही बिलांत असतो, त्यामुळे वर्षाचे वेगळे सभासद बेरजेने येत नाहीत. तो आकडा वर्षासाठी वेगळा मोजून वेगळा ठेवावा लागेल.

दूधगंगा

काका, बरं झालं आधीच सांगितलंत, तक्त्याच्या नमुन्यात खाली 'एकूण सभासद' अशी ओळ होतीच. ती काढतो. जुन्या बिलांचे आकडे भरायचं काम बिल संपल्याच्या रात्री एकेक वर्ष करून लावतो. भरल्यावर नोंदी आणि लिटर हिशेब विभागाच्या छापील बिलांशी ताडून बघू, आणि जुळलं की इथे कळवतो.

पाणंद

ताडताना पहाटेच्या केंद्रांपासून सुरुवात करा. जुनी बिलं भरणारी क्वेरी सर्व्हरवरून थेट चालवणार असाल, तर ॲप्लिकेशन देत होतं तो भारतीय वेळेचा कालखंड तिथे आपोआप मिळणार नाही. सेशनच्या सुरुवातीलाच सेट टाइमझोन करून घ्या.